सीनेचा वाढदिवस

सीनेवरचा परटाचा बांध मी फोडला. हे वाक्य आजवर मी कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्याचा बांध होता त्याच्याजवळ नाही, आणि ज्याची टरबुजांची वाडी त्या पाण्याने गेली त्याच्याजवळ तर मुळीच नाही. त्याला आता वीस वर्षं झाली. मी कमी बोलतो म्हणून नगरात माझी ख्याती आहे. शाळेतले सहकारी त्याला गांभीर्य म्हणतात. म्हणोत बापडे.

लढाईचे दिवस होते. किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडलेले, भिंगारात लष्कर खचाखच भरलेलं, आणि चार माणसं एका ओट्यावर जरा जास्त वेळ बसली तर पोलीस येऊन चौकशी करून जात. नदीवर बगळे बघायला निघालेल्यांना मात्र कोणी हटकत नसे. त्यामुळे गावातल्या सुशिक्षित मंडळींना एकाएकी निसर्गाची ओढ लागली. तरुण मुलं तुरुंगात जात होती त्या काळात आम्ही नदीप्रेमी मंडळ काढलं. अध्यक्ष एक नामांकित वकील होते. चिटणीस मी, कारण माझं अक्षर चांगलं होतं. हायस्कुलात मी मराठी शिकवत असे, वय अठ्ठावीस, आणि वकीलसाहेबांनी आपल्याला नावाने न हाक मारता ‘चिटणीस’ म्हणावं याचं मला फार अप्रूप होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचं ‘नदीदर्शन’ असे. पंधरा-वीस जण सतरंज्या, स्टो आणि पोह्यांचं पातेलं घेऊन सकाळी नदीवर जात. एकजण नदीवर निबंध वाचे, बाकीचे पोहे कधी होतात याची वाट बघत. ड्रॉइंगमास्तर चित्र काढत. समोर कोरडी वाळू असली तरी चित्रात पाणी भरपूर असे, शिवाय एक होडी. सीनेत होडी आमच्यापैकी कोणीही पाहिलेली नव्हती. पक्ष्यांची नोंद ठेवायची वही माझ्याकडे होती. तिच्यात ‘पांढरा पक्षी, मोठा, चार’ आणि ‘काळसर पक्षी, नाव माहीत नाही, उडाला’ अशा शास्त्रीय नोंदी आहेत. अध्यक्षांना सर्दीचा त्रास असल्याने ते पायमोजे कधी काढत नसत. तीन वर्षांत त्यांचा पाय नदीला लागला नाही. माझाही फारसा लागला नव्हता, पण मी नदीवर सात निबंध लिहिले होते.

आम्ही पोह्यांनंतर हमखास जिथे जात असू ती जागा म्हणजे टरबुजांची वाडी. पावसाळा सरला, पाणी ओसरलं की एक नवराबायको वळणापलीकडच्या वाळूत खड्डे घेत, शेणखत भरत आणि वेल लावत. खालच्या ओलीवर ते वेल वाढत. फाल्गुन-चैत्रात टरबुजं तयार. नदीवरची रीत अशी, की वाटसरूने वाडीत बसून फळ खावं, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. घरी न्यायचं असेल तर विकत घ्यावं. आणि खाताना बिया पाटीत टाकाव्यात, कारण तेच पुढच्या सालचं बियाणं. या रीतीचा पहिला भाग आमच्या मंडळाने मनापासून पाळला. बियांच्या बाबतीत आम्ही कोण लांब थुंकतो याच्या पैजा लावत असू. मागून ती बाई वाकून एकेक बी वेचत असे. नवरा एकदा हसत म्हणाला होता, “खावा मास्तर, पोटभर खावा. पर बी ठिवा. बी म्हंजी आमची सोयरीक हाय नदीशी.” हे वाक्य मी पुढच्या निबंधात स्वतःचं म्हणून वापरलं.

वाडीच्या वर, वळणाच्या अलीकडे, परीट होता. त्याने दगडगोटे, वाळू आणि लव्हाळा घालून बांध घातला होता आणि त्यामागे उन्हाळाभर पुरेल एवढं पाणी धरलं होतं. त्याला धुण्याला पाणी, आणि बांधातून पाझरणाऱ्या ओलीवर खालच्या वाडीचे वेल जगत. कागद नाही, करार नाही. दोघे संध्याकाळी एका चिलमीवर बसत, एवढाच काय तो व्यवहार. आम्हाला या गोष्टीत निसर्ग दिसला नाही. परटाच्या भट्टीच्या धुराने देखावा बिघडतो असा ठराव मात्र आम्ही एकदा केला होता.

लढाई संपायच्या आदल्या वर्षी मंडळाला वाटलं, की नदीचा वाढदिवस साजरा करावा. वाढदिवस म्हणजे तिथी हवी. सीना जन्मली कधी याबद्दल सभेत दोन तास खडाजंगी झाली. शेवटी वार्षिक परीक्षा संपलेल्या असतात, कोर्टाच्या तारखा कमी असतात आणि चांदणं असतं, म्हणून चैत्री पौर्णिमेनंतरचा रविवार ठरला. एकमताने. नदीचा वाढदिवस ठरवताना त्या दिवशी नदीत पाणी असतं का, हे पंचवीस नदीप्रेमींपैकी एकालाही सुचलं नाही. परटाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, पण तो सभासद नव्हता.

पुण्याच्या एका प्राध्यापकांना पाहुणे म्हणून बोलवायचं ठरलं. पत्र मी लिहिलं. त्यात ‘खळाळत वाहणारी आमची सीना’ असे शब्द होते. ‘तिच्या प्रवाहात शतदीप सोडण्याचा संकल्प’ असंही होतं. प्राध्यापकांचं लगेच उत्तर आलं, की पुण्यात राहून वाहतं पाणी बघायला मिळतंच, तरी पण येतो.

उत्सवाच्या दोन दिवस आधी आम्ही मांडवाची जागा बघायला गेलो. मांडव परटाच्या बांधाखाली पन्नास-साठ पावलांवर, जिथे बसायला सपाट होतं तिथे. समोर वाळू. वाळूच्या मध्यावर एक कुत्रं निवांत झोपलेलं. वकीलसाहेबांनी आधी त्या कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“चिटणीस, खळाळती तुम्ही लिहिलंय ना?”

मी हो म्हणालो.

“मग आता खळाळवा.”

सगळे हसले. मीही हसलो. परतताना त्यांनी मला जरा बाजूला घेतलं आणि वरच्या बांधाकडे काठी दाखवून म्हणाले, की पाणी काही लांब नाही, एवढंसं सोडलं तरी तासभर धार लागेल. आणि लगेच पुढे, की अर्थात मी काही सांगितलेलं नाही हं. वकिली त्यांची उत्तम चालत असे ती उगाच नाही. पण त्यांच्या अंगावर ढकलून मोकळं व्हावं म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांनी काठी दाखवली, फावडं मी धरलं.

त्याच दिवशी, आमच्या देखतच, परटाच्या गाढवाने वाडीत शिरून चार-पाच वेल खाल्ले. वाडीवाला चिडून वर आला आणि बरंच बोलला. परीटही तापट. शेवटी तो म्हणाला, “लई बोलू नगंस. बांध माजा हाय. फोडला तर तुझी वाडी कुठं जाईल बघ.” लगेच वाडीवाल्याची बायको मध्ये पडली, दोघांनाही शिव्या दिल्या, आणि संध्याकाळी, मी नंतर ऐकलं, ते दोघे पुन्हा चिलीम ओढत बसले होते. पण ती चिलीम पाहणारं कोणी नव्हतं. भांडण पाहणारे आम्ही वीस जण होतो.

रविवारी भर दुपारी मी एकटा नदीवर गेलो. तोरणं बांधायची आहेत असं घरी सांगून. मांडववाल्याचं फावडं तिथेच पडलं होतं. मांडववाले जेवायला गेलेले. वाडीवाले नवराबायको पहिली तोड घेऊन बाजारात गेले होते. परीट बांधापासून थोड्या अंतरावर बाभळीखाली तोंडावर धोतराचा सोगा घेऊन झोपला होता. पहाटे तीनपासून भट्टीवर उभा राहिलेला माणूस दुपारी जसा झोपतो तसा.

मी ठरवलं होतं, की वीतभर चीर पाडायची. वीतभर म्हणजे वीतभर. मी हिशेबी माणूस. मांडवासमोरून बारीक धार जाईल, वळणापर्यंत पोचेतो वाळूत जिरून जाईल, आणि कार्यक्रम उरकला की चार फावडी टाकून चीर बुजवायची. सगळं डोक्यात अगदी नीट होतं. नदीकाठच्या पाच वर्षांच्या पोरालाही जे ठाऊक असतं ते मात्र डोक्यात नव्हतं: वाळूचा बांध थोडासा फोडता येत नाही. चीर पाडेपर्यंत तो तुमचा असतो, नंतर पाण्याचा.

पहिली धार आली तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंद झाला. काय देखणी वाहत होती. मी फावडं टेकून क्षणभर बघत उभा राहिलो, आठव्या निबंधाची पहिली ओळही सुचली. तेवढ्यात चिरेच्या दोन्ही कडा ढासळल्या. वितीचा हात झाला, हाताचे दोन हात. मी वाळू लोटली, ती वाहून गेली. दगड टाकला, तो गडगडत गेला. चप्पल गेली. लव्हाळ्याचा एक गठ्ठा उचलून आडवा धरला आणि त्याच्यासकट गुडघ्यावर आपटलो. मग बांधाचा मधला भाग गपकन बसला आणि उन्हाळाभराचं पाणी एकदम निघालं.

परटाला उठवलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला वीस वर्षं रोज विचारला आहे, त्यामुळे उत्तर पाठ आहे. ते पाणी कुठे वळवायचं ते त्याला ठाऊक होतं; वळणावर एक जुना चर होता, तो मोकळा केला असता तर वाडी वाचली असती, असं तोच पुढे लोकांना सांगत होता. पण उठवायचं तर सांगावं लागलं असतं. मी फावडं जागेवर ठेवलं. वाहत्या पाण्यात पाय स्वच्छ धुतले. आणि मांडवात जाऊन तोरणं बांधायला लागलो. तोरणं फार छान बांधली गेली, असं पुढे सगळ्यांनी सांगितलं.

मोठा लोंढा दुपारीच गेला होता, पण मागे राहिलेल्या पाण्यावर संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा नदी खरोखर वाहत होती. सभासदांचे चेहरे बघण्यासारखे होते. कोणी म्हणालं वर कुठेतरी पाऊस झाला असेल, कोणी म्हणालं श्रद्धा असली की होतं. पन्नास पावलं वर जाऊन बांध बघावा असं कोणालाच वाटलं नाही. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पाहणं थांबवलं. कंट्रोलच्या दिवसांत महिनाभर रेशनच्या चिठ्ठ्या जमवून मिळवलेलं तेल शंभर द्रोणांत घातलं होतं. बायकांनी दिवे सोडले. पहिले तीस-चाळीस वाहत गेले. मग धार मंदावली. प्राध्यापक ‘जीवन म्हणजे प्रवाह’ या मुद्द्यावर आले तोवर प्रवाह संपला होता, आणि उरलेले दिवे ओल्या वाळूवर जागच्या जागी तेवत बसले होते. तेही शोभून दिसतं, असं पाहुणे म्हणाले. भला माणूस.

भाषण चालू असतानाच वाडीवाल्याची बायको मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, हातात उपटलेला वेल, त्याला एक कच्चं टरबूज. वकीलसाहेबांनी तिच्या हातावर खिरापत ठेवायला सांगितली. तिने ती घेतली नाही.

“आमची वाडी गेली,” ती म्हणाली. “समदी वाळूखाली गेली.”

पाहुण्यांसमोर प्रसंग ओढवू नये म्हणून वकीलसाहेब गोड आवाजात म्हणाले, “बाई, आज नदीला पाणी आलं. आनंदाचा दिवस आहे.”

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांना समजलं नसावं, मला समजलं.

तिचा नवरा मागोमाग आला. तो बाजारातून परतला तेव्हा त्याला आपल्या वाडीत मांडीभर पाण्यात परीट उभा दिसला होता, दोन्ही हातांत वेल धरून. परीट जागा होताच बांध बघून खाली धावला होता आणि जेवढे वेल उचलता येतील तेवढे काठावर टाकत होता. संबंध नदीवर ती वाडी वाचवायला धावलेला तो एकटा माणूस. वाडीवाल्याला मात्र तो वाडीत उभा दिसला, आणि दोन दिवसांपूर्वीचं वाक्य आठवलं. आम्हा सगळ्यांनाच आठवलं.

तो सरळ माझ्याकडे आला. इतर कोणाकडे नाही. मी शिकलेला, मी मास्तर, मी कधी जास्त बोलत नाही.

“मास्तर, तुमी दुपारधरनं हितं हुता. बांधापाशी कोन बघितला का तुमी?”

मांडवातले सगळे माझ्याकडे वळले. प्राध्यापकही थांबले होते.

मी म्हणालो, “परीट होता.”

एवढंच. यात एक अक्षर खोटं नाही. परीट होताच. झोपला होता, हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नव्हतं. मी मराठीचा मास्तर, मोजके शब्द वापरण्याचं महत्त्व मी मुलांना आजही शिकवतो.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या चार जाणत्यांनी परटाला बोलावलं. त्याने बांधामागच्या डोहात उरलेल्या पाण्यातलं ओंजळभर पाणी हातात घेऊन शपथ वाहिली, की बांध मी फोडला नाही. नदीवर राहणारी माणसं ही शपथ खोटी घेत नाहीत, आणि एरवी ती घेतल्यावर विषय संपतो. त्या दिवशी संपला नाही. वाडीवाला म्हणाला, “मास्तर खोटं बोलत न्हाईत.” नदीच्या पाण्यावर माझा शब्द भारी पडला. एवढा मान मला त्याआधी आणि त्यानंतर कधी मिळालेला नाही. हे मला त्याच संध्याकाळी ड्रॉइंगमास्तरांनी कौतुकाने येऊन सांगितलं. मी त्यांना चहा दिला.

त्या आठवड्यात मी मंडळाच्या वहीत वृत्तान्त लिहिला: ‘उत्सव यथासांग पार पडला. ऐन समयी नदीस पाणी आल्याने सर्वांस धन्यता वाटली.’ पहिली तोड सोडली तर बाकीची वाडी आठ-दहा दिवसांत तोडणीला आली असती. त्या नवराबायकोने वाळू उपसून पाटीभर कच्ची फळं काढली, ती कोणी घेतली नाहीत. त्या साली बी उरलं नाही. पुढल्या वर्षी ते नदीवर दिसले नाहीत. राहुरीकडे उसाच्या मळ्यात मजुरीला गेले असं कळलं. परीटही गेला. वाडीवाल्याने त्याच्याशी बोलणं सोडलं तेव्हाच तो अर्धा गेला होता. काठावरच्या घरांनी त्याच्या बायकोला पाण्यावरून टोमणे मारायला सुरुवात केली तेव्हा उरलेला गेला. त्याने भिंगारात लष्कराचे कपडे धुवायला घेतले. लष्कराचं काम बारमाही, पैसाही बरा, म्हणजे एका अर्थी मी त्याचं भलंच केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. ही समजूत मला दिवसा पटत असे.

मंडळाचं म्हणाल, तर लढाई संपली, पुढारी सुटले, सभांना परवानगी मिळाली आणि नदीप्रेमींना देशप्रेमाकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला. मंडळ आपोआप बंद पडलं. वही माझ्याकडेच आहे.

सहा वर्षांपूर्वी भिंगारच्या बाजारात परीट भेटला. मी वाट बदलणार होतो, पण त्याने लांबूनच नमस्कार केला. केस सगळे पांढरे झालेले. मुलगा आता धंदा बघतो म्हणाला. माझ्या मुलांची चौकशी केली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत, अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता म्हणाला:

“मास्तर, त्या दिशी मी झोपलो हुतो बगा बाभळीखाली. तुमी आला तवा मला चाहूल लागली हुती. डोळं उघडलं, तुमी दिसला, म्हनलं मास्तर हाईत, आनि परत झोपलो. तुमी मला झोपलेलं बघितलं हुतं. तेवढं सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं.”

मास्तर आहेत म्हणून तो परत झोपला.

मी म्हणालो, “हो. राहून गेलं.”

तो म्हणाला, “व्हतं असं,” आणि भाजीच्या दुकानाकडे वळला. त्याच्या मते माझ्या हातून एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. फावड्याबद्दल त्याला आजही ठाऊक नाही. किंवा ठाऊक आहे, आणि त्याने मला बोलायला जागा करून दिली होती, आणि मी ‘राहून गेलं’ म्हणून तीही बुजवली. कुठलं खरं हे मला ठरवता येत नाही.

आता पन्नाशीला हे लिहून काढलं. छापून येईल. ओळखीचे वाचतील, काही जण प्रांजळपणाचं कौतुक करतील, एखाद-दुसरा पत्रही पाठवील. ज्या दोघांना हे कळायला हवं त्या दोघांनाही वाचता येत नाही. म्हणजे ही कबुलीसुद्धा मी नेहमीसारखी सोयीच्या ठिकाणीच दिली.

वाडीवाला हयात आहे. राहुरीजवळच्या कुठल्या वस्तीवर, ते मी दोन वर्षांपूर्वीच विचारून ठेवलं आहे. भिंगारहून परटाला सोबत घेऊन त्या वस्तीवर जायचं, आणि तिघे समोरासमोर बसलेले असताना वाडीवाल्याला सांगायचं, की बांध मी फोडला आणि हा झोपला होता. एवढं देणं आहे. अजून दिलेलं नाही.